यमुना या नावाची कुळकथा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राजकारण, विज्ञान, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होत असतो. आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत तो विषय त्या मानाने अगदी लहान, तीन अक्षरांचा आहे. 'यमुना' हे मुलीचे नाव कोठून आले, महाराष्ट्रात ते कसे रुळले आणि कसे मागे पडले, एवढेच आज पाहावयाचे आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात आज बारशाला कोणी मुलीचे नाव यमुना ठेवील असे वाटत नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यात एखादी पणजी किंवा आजेसासू यमुना असेल. आणि ती यमुना होती हे आज घरात कोणालाच ठाऊक नसेल, असेही शक्य आहे. तसे का व्हावे, याचा विचार केला म्हणजे हा लहान विषय वाटतो तितका लहान राहत नाही.

प्रथम नावाची व्युत्पत्ती पाहू. 'यम' या संस्कृत शब्दाचा एक मूळ अर्थ जुळे असा आहे. ऋग्वेदात यम आणि यमी ही जुळी भावंडे आहेत, आणि त्यांचा प्रसिद्ध संवाद दहाव्या मंडलात आला आहे. पुढे पुराणांनी त्या यमीला यमुना नदीशी एक केले. ही सूर्याची कन्या, यमाची बहीण. कलिंद पर्वताची कन्या म्हणून तिलाच कालिंदी म्हणतात. तिचे पाणी सावळे, म्हणून आपल्याकडे सावळ्या मुलीला थट्टेने 'काळी यमी' म्हणण्याची खोड पडली. गंगेच्या सोबतीने, तिला जवळजवळ समांतर अशी वाहत जाऊन ती प्रयागला तिला मिळते. तेव्हा जुळेपणाचा अर्थ भूगोलालाही शोभून दिसतो. वेरूळच्या कैलास लेण्यात नदीदेवतांचे एक स्वतंत्र दालन आहे. तेथे गंगा, यमुना आणि सरस्वती या तिघी शेजारी शेजारी उभ्या आहेत. गंगेचे वाहन मगर आणि यमुनेचे वाहन कासव, ही शिल्पातली ठरलेली खूण.

पण सामान्य मराठी माणसाला यमुनेची ओळख शिल्पातून झाली नाही, ती सणातून झाली. कार्तिक शुद्ध द्वितीयेला आपण भाऊबीज म्हणतो. पंचांगात तिचेच नाव यमद्वितीया. त्या दिवशी यम आपल्या बहिणीच्या, म्हणजे यमुनेच्या घरी जेवावयास गेला अशी कथा आहे. सर्व जगाला ज्याचे भय, तो यमसुद्धा बहिणीच्या पाटावर येऊन बसतो आणि तिच्या हातून ओवाळून घेतो. ही कथा ध्यानात ठेवावी. सीता म्हटले की पत्नी आठवते, कौसल्या म्हटले की आई आठवते. तसे यमुना म्हटले की बहीण आठवावी. हे नाव मुळात माहेरचे आहे.

आता असे पाहा. यमुनेचा उगम हिमालयात यमुनोत्रीला. ती दिल्ली, मथुरा, आग्रा या बाजूची नदी. महाराष्ट्राच्या भूमीला तिचे पाणी लागत नाही. मग सह्याद्रीच्या कुशीतल्या खेड्यात मुलीचे नाव यमुना का ठेवावे? याला कारणे आहेत. स्नानाच्या वेळी सात नद्यांचे स्मरण करण्याचा प्रघात जुना आहे. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या त्या सात. परसातल्या विहिरीचे पाणी अंगावर घ्यावे आणि तोंडाने सात नद्यांची नावे घ्यावीत, म्हणजे त्या तेथे येतात ही श्रद्धा. ज्या घरात ही नावे रोज पहाटे कानांवर पडतात, त्या घरात ती मुलींना मिळावीत हे स्वाभाविकच होते. शिवाय रेल्वे येण्यापूर्वी काशीयात्रा ही आयुष्यात एकदा घडली तर घडावयाची गोष्ट. यात्रा घडली नाही तरी लेकीला हाक मारताना तीर्थाचे नाव घेतले जाते, हेही थोडे नव्हे. गंगा, भागीरथी, काशी, गोदावरी, कृष्णा, यमुना ही नावे अशा भावनेतून घरोघर आली. त्यातही यमुना ही कृष्णाची नदी. गौळणींतून, कीर्तनातून, तमाशाच्या फडातूनसुद्धा यमुनेचा घाट आणि पाण्याला निघालेल्या गवळणी मराठी माणसाच्या इतक्या परिचयाच्या झाल्या, की ती नदी त्याने पाहिली नाही हेच तो विसरला.

नाव लांब, आणि हाक तर आखूड हवी. म्हणून यमुनाची यमू झाली, रागाच्या भरात यमी झाली, नवऱ्याच्या घरी पोक्त झाल्यावर यमुनाबाई झाली. उत्तरेत आणि गुजरातेत हीच जमुना, जमना झाली. बडोद्याच्या ज्या महाराणींनी १८७५ साली सयाजीरावांना दत्तक घेतले, त्या जमनाबाई. नद्यांची नावे पुरुषांच्याही वाट्याला आली, पण ती दुसऱ्या कोणाचा आधार घेऊन: गंगाधर, जमनादास, वर्ध्याचे जमनालाल. मुलीला मात्र नदीचे नाव जसेच्या तसे मिळाले.

येथे आपल्या नदीचीही आठवण होते. उल्हास ही बदलापूरच्या अंगणातून वाहते. १९४९ साली राजाजींच्या हस्ते कल्याण कॅम्पात नव्या वसाहतीची कोनशिला बसली, तेव्हा त्या वसाहतीलाही या नदीचेच नाव मिळाले आणि उल्हासनगर झाले. पण या नदीचे नाव मुलीला ठेवल्याचे कोठे आढळत नाही. उल्हास हे नाव मुलाचे. मुलीसाठी आपण दूरची नदी शोधली. पुढे लेकही दूरच जावयाची असते, हा विचार कोणी मुद्दाम केला नसेल. पण योग मात्र तसा जुळून आला.

आता छापील वाङ्मयाकडे वळू. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका यमुना. ती नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांची दैना पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. त्यानंतर सुमारे तीस-पस्तीस वर्षांनी हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः लिहिली. त्या कादंबरीत आपली कर्मकथा स्वतःच्या तोंडाने सांगणारी मुलगीही यमूच. तीही विधवा होते, आणि घरातली माणसेच तिचे बळजबरीने केशवपन करवितात. एक लेखक ख्रिस्ती झालेला, दुसरा पुण्याच्या ब्राह्मणी वातावरणातला. मते निराळी, काळ निराळा, पण मराठी घरातल्या मुलीचे सुखदुःख सांगावयाचे म्हटल्यावर दोघांनाही एकच नाव सुचले. ते नाव त्या काळी किती घरचे होते, याची याहून चांगली साक्ष कोणती द्यावी?

कादंबऱ्यांतल्या यमुना वाचकांच्या स्मरणात राहिल्या. प्रत्यक्षातल्या यमुनांचे काय झाले? येथे आम्हांला आपल्या शेजारच्या कल्याणात जावे लागते. कल्याणच्या गणपतराव जोशी यांच्या घरी १८६५ च्या मार्च महिन्यात कन्या झाली; तिचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले. हीच ती आनंदीबाई, जी सातासमुद्रांपलीकडे फिलाडेल्फियास गेली, १८८६ साली डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यास निवर्तली. माहेरचे आडनाव जोशी आणि सासरचेही जोशीच. म्हणजे लग्नाने आडनाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता. बदलले ते तिचे स्वतःचे नाव. अमेरिकेत पोकीप्सी येथे तिच्या स्मरणार्थ जी शिळा आहे, तीवर आनंदीबाई जोशी असे आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही तिच्या स्मरणार्थ 'जोशी' हे नाव दिले आहे. कल्याणच्या यमुनेचे जे एकच पद माहेरी आणि सासरी समान होते, तेवढेच त्या ग्रहावर गेले.

दुसरी यमुना देवराष्ट्र्याची. कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली जन्मलेली. १८७३ साली, अकराव्या वर्षी, तिचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला आणि ती रमाबाई झाली. पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे त्या याच. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या ज्या स्त्रिया आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो, त्यांपैकी दोघी जन्माने यमुना. आणि त्यांना त्या नावाने ओळखणारा विद्यार्थी शंभरांत एक तरी निघेल की नाही, शंका आहे.

आणखी पाहा. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई यांचे माहेरचे नाव तापी. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली ज्या बालविधवेशी विवाह केला, त्या गोदूबाई, म्हणजे गोदावरी. त्याही आनंदीबाई झाल्या. दोन यमुना, एक तापी आणि एक गोदा: चार नद्या चार उंबरठ्यांवर थांबल्या.

हा केवळ योगायोग काय? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहास कोणती कन्या वर्ज्य मानावी हे सांगितले आहे. त्यात नक्षत्राचे, वृक्षाचे किंवा नदीचे नाव असलेली कन्या वरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. एवढ्यावरून कोणी म्हणेल, की स्मृतीची आज्ञा पाळण्यासाठीच या नद्यांची नावे पुसली गेली. आम्हांस तसा निष्कर्ष काढणे घाईचे वाटते. कारण लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका होत्या आणि झाशीच्या राणीही मणिकर्णिका होत्या. ती नावे काही नद्यांची नव्हेत, तरी तीही बदलली. आणि स्मृतीला एवढा मान असता, तर माहेरच्यांनी मुलींना नद्यांची नावे ठेवलीच नसती. खरी गोष्ट अशी दिसते, की शास्त्र काहीही म्हणो, आईबापांनी हौसेने नाव ठेवले. आणि नाव कोणतेही असो, सासरच्यांनी हक्काने ते बदलले.

हे दोन्ही विधी जरा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. बाराव्या दिवशी बारसे होते. मूल पाळण्यात घालतात आणि त्याच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. आत्या म्हणजे बापाची बहीण. बहिणीने दिलेले ते नाव घेऊन मुलगी वाढते. पुढे वरात सासरच्या दारी येते, माप ओलांडले जाते, लक्ष्मीपूजन होते. तबकात तांदूळ पसरतात, सोन्याच्या अंगठीने त्यावर नवे नाव रेखतात, साखर वाटतात आणि सर्वजण त्या नावाने हाक मारू लागतात. सोहळा गोड आहे, यात शंका नाही. कित्येक जणींना नवे नाव मनापासून आवडलेही असेल. परंतु त्या तबकापुढे बसलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला कोणी विचारल्याचे आम्हांला माहीत नाही.

ही चाल केवळ मराठी घरांची नव्हे. फाळणीनंतर सिंधमधून येऊन उल्हासनगरात ज्यांनी संसार उभे केले, त्या सिंधी समाजातही लग्नात वधूचे पहिले नाव बदलण्याची रूढी आहे. एकाच गावात दोन भाषा, दोन लिप्या, दोन पाककला. परंतु नव्या सुनेचे नाव बदलण्याच्या बाबतीत दोन्ही घरे एकमेकांची शेजारी शोभतात. सिंधमधून आलेल्या बायकांची अवस्था तर अशी, की गाव सुटले, नदी सुटली, आणि माहेरचे नाव त्यापूर्वीच सुटलेले होते.

उलट बाजूचेही एक उदाहरण सांगितले पाहिजे. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांचे नाव आपण ऐकले असेल. १९१५ साली जन्मलेल्या, कोल्हाटी समाजातल्या, लावणी गाऊन आणि अदा करून मोठ्या झालेल्या या बाई. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडून, त्या निवर्तल्या. त्या शेवटपर्यंत यमुनाबाईच राहिल्या. ज्या घरांना प्रतिष्ठित म्हणत, तेथे यमुना हे नाव उंबरठ्यावर उतरवून ठेवावे लागले. आणि ज्या फडाला प्रतिष्ठितांनी नाके मुरडली, तेथे त्या नावाला पद्मश्री मिळाली. हा विरोधाभास विचार करण्यासारखा आहे.

तर मग नाव बदलणे हे सर्वथा वाईटच का? तसे आम्ही म्हणत नाही. सातारा जिल्ह्यात मुलगी नको असताना झाली म्हणून तिचे नाव 'नकुसा' ठेवण्याची चाल होती. २०११ च्या ऑक्टोबरात तेथे एक समारंभ होऊन अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. जे नाव रोज हाकेबरोबर अपमान करते, ते टाकून देणे हे पुण्यकर्मच म्हणावे. तेव्हा प्रश्न नाव बदलण्याचा नाही. ते कोणाच्या इच्छेने बदलले, हा आहे. आनंदीबाईंनी आनंदी हे नाव आपल्या कर्तृत्वाने स्वतःचे केले. ते काढून घेऊन त्यांना पुन्हा यमुना म्हणावे असे आम्ही कदापि सुचविणार नाही. दोन्ही नावे ठाऊक असावीत, एवढेच आमचे म्हणणे.

आपण म्हणाल, या जुन्या गोष्टी झाल्या. आता त्यांचे काय? तर त्या तितक्याशा जुन्या नाहीत. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. तरीही रूढी चालू आहे. आणि रूढीने तांदळात लिहिलेले नाव कायद्याच्या कागदावर आले, की अडचणी सुरू होतात. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणे वाटा दिला. बदलापूर-अंबरनाथच्या आसपासची भातशेती ज्या दिवसांपासून गुंठ्यावर मोजली जाऊ लागली, त्या दिवसांपासून या वाट्याला मोल आले. आता वारसनोंदीच्या वेळी काय घडते? शाळेच्या दाखल्यावर यमुना, शिधापत्रिकेवर आणि आधारपत्रावर दुसरेच काही. भावाच्या शेजारी जिचे नाव लागावयाचे, ती बहीण हीच, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते, की अमुक आणि तमुक या दोन्ही एकच व्यक्ती आहेत. साक्ष देणारी जुनी माणसे असली तर ठीक. नसली तर बहिणीचा हक्क नावाच्या फरकात अडकून पडतो. भाऊबीजेची ओवाळणी देणारा भाऊ त्या वेळी गप्प बसला, म्हणजे यमद्वितीयेची कथाच उलटी होते.

दुसरी गोष्ट अधिक आनंदाची. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली असा निर्णय केला, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि नंतर आडनाव लिहावे. इतकी वर्षे मधल्या जागेत केवळ वडील होते. आता तेथे आई आली. परंतु ती कोणत्या नावाने येणार? आत्याने कानात सांगितलेल्या, की तबकात रेखलेल्या? पुढच्या पिढीच्या प्रत्येक दाखल्यावर आता हे नाव जाणार आहे. तेव्हा सुनेच्या नावाचा निर्णय तिलाच करू द्यावा, यातच शहाणपण आहे.

यमुना हे नाव मागे का पडले, हेही थोडक्यात सांगतो. शिक्षण वाढले तशी आईबापांची आवड बदलली. तीर्थयात्रेऐवजी कविता, कादंबऱ्या, पुढे बोलपट यांतून नावे येऊ लागली. नावामागची 'बाई' गळली. आगगाडीने काशीप्रयाग जवळ आणले, तेव्हा लेकीच्या नावात तीर्थ बांधून ठेवण्याची गरजही उरली नाही. नावांचे असे ऋतू असतात, आणि त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. आपल्या नातीला यमुना म्हणा असा आग्रह धरण्यासाठी आम्ही येथे आलो नाही. नाव जुने होऊन गळून पडणे निराळे, आणि जिवंत माणसाचे नाव तिच्या देखत पुसले जाणे निराळे. पहिले काळ करतो. दुसरे आपण करतो.

आपल्या अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. त्यातले मामवाणी राजाचे नाव साडेनऊशेहून अधिक वर्षांनी आजही वाचता येते, कारण ते दगडात कोरले होते. आपल्या पणज्यांची नावे तांदळात लिहिली गेली आणि दुसऱ्या दिवशी ते तांदूळ डब्यात गेले. त्या नावांसाठी आता शिलालेख करणे नको; एक वही पुरे. घरी जे वडीलधारे असतील त्यांना विचारा: आजीचे माहेरचे नाव काय, पणजीचे काय, आजेसासूचे काय? जे कळेल ते तारीख घालून लिहून ठेवा. माहेरचे गाव आणि बापाचे नावही लिहा. आमचा अंदाज असा आहे, की या सभागृहात बसलेल्यांच्या वह्यांत पुष्कळ गंगा, पुष्कळ गोदा आणि पुष्कळ यमुना निघतील. हे काम या वर्षीच करावे, कारण सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत असतात.